काळी की लाल? १९४८च्या एका एमजीचा रंग ठरवताना

गाडी एमजी टीसी, १९४८ची. मालक कोल्हापूरचे, माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, इथंही आबाच म्हणतो. फोन आला तेव्हा श्रावण चालू होता. "रंगवू की नको ते तू येऊन सांग," आबा म्हणाले. "रंगवायची तर काळी का लाल, ते मात्र मला विचारू नकोस. घरात त्यावरनं भांडणं लागल्यात."

मी रंगारी नाही. पुण्याजवळच्या एका कारखान्यात पत्र्यावरच्या कोटिंगची तपासणी करण्यात माझी बावीस वर्षं गेली, तेवढीच माझी लायकी. पिशवीत रंगाच्या थराची जाडी मोजणारं मीटर, एक भिंग, पांढरं सुती कापड आणि थिनरची छोटी बाटली घेऊन गेलो.

टीसी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं. इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या झाल्या. दोन माणसांची जागा, १२५० सीसीचं इंजिन, १९ इंची तारांची चाकं, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते, दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे आपल्या सवयीच्या उलटी उघडणारी. चॅसी नंबर ०२५१ पासून सुरू होतात, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. रंगाच्या प्रश्नात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या गाडीची बॉडी आजच्यासारखी सगळी पत्र्याची नाही. आत अॅश नावाच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर पत्रा ठोकलेला. म्हणजे आपण रंग देतो पत्र्याला, पण त्या पत्र्याला हलवतं लाकूड. पावसाळ्यात ते फुगतं, उन्हाळ्यात आकसतं.

भांडण असं होतं. आबांची मुलगी पुण्यात असते, तिला गाडी मुंबईच्या व्हिंटेज रॅलीत न्यायची होती. तिचं म्हणणं, युद्धानंतरच्या सुरुवातीच्या टीसी फक्त काळ्या रंगात येत, लाल-हिरवा नंतर आला. आपली मुळात काळीच असणार, तेव्हा काळीच करायची. आबांचं म्हणणं, वडिलांनी गाडी १९६१ साली संस्थानच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडून घेतली, तेव्हापासून ती लालच. पुरावा म्हणून त्यांनी अल्बम काढला. रंकाळ्यावर उभी गाडी, शेजारी टोपी घातलेले वडील. फोटो कृष्णधवल. गडद लाल आणि काळा त्यात सारखेच दिसतात, त्यामुळे दोन्ही पक्षांनी तोच फोटो आपापल्या बाजूनं वापरला होता.

मी म्हटलं, आधी गाडी बघू.

पहिल्या नजरेला गाडी वाईट नव्हती. लांबून लाल, चकचकीत. जवळ गेलं की तीन वेगळी दुखणी दिसली आणि मला वाटतं सगळं प्रकरण ती तीन वेगळी ओळखण्यातच होतं. आबांनी ज्या ज्या गॅरेजवाल्यांना गाडी दाखवली, त्या सगळ्यांनी "रंग गेलाय" एवढंच निदान केलं होतं.

बॉनेटच्या वरच्या पत्र्यावर उन्हाळ्यात तळ्याचा चिखल वाळून तडकतो तशी जाळी होती. इंजिनाच्या उष्णतेवर रोज तापणाऱ्या पत्र्यावर रंगाचा थर फार जाड झाला की तो पत्र्याबरोबर ताणला जात नाही, तडकतो. मडगार्डांच्या खालच्या कडांना फोड होते. नखानं दाबलं तर खाली पोकळ. मीटर लावलं तर काही ठिकाणी त्याची दोन हजार मायक्रॉनची मर्यादाच संपली. म्हणजे खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, भरलेली. आणि तिसरं, डाव्या दाराच्या मागच्या खांबापासून वर निघालेली एकच सरळ बारीक भेग, साधारण वीतभर.

ही भेग पाहून मी आबांना म्हटलं, दार थोडं उचलून धरा. त्यांनी दार धरून वर उचललं तशी भेग मिटली. सोडलं तशी उघडली. दोनदा करून बघितलं. आबा काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला.

दाराचं सगळं वजन ज्या लाकडी खांबावर, तो खांब पायाशी कुजला होता. वरून कितीही भारी रंग मारला असता तरी पुढच्या पावसाळ्यात तिथंच भेग आली असती. २००९ साली नेमकं हेच झालं होतं. एका गॅरेजनं भेगेत लांबी भरून दोन्ही मडगार्डांसकट तो भाग पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंगानं मारून दिला होता. लांबी स्पंजासारखी असते. वॉटर पेपरनं ओली घासून नीट वाळवली नाही, तर पाणी आतच राहतं आणि वरून रंग बसला की ते पाणी पत्रा खात बसतं. मडगार्डांचे फोड तिथले.

मग थर. प्रत्येक भागावर न दिसणारी एक जागा निवडून बारीक पेपरनं रुपयाएवढं वर्तुळ उतरतं घासलं, म्हणजे झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे थर दिसतात. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीचा शेंदराचा लेप काढला तेव्हा आतून वेगळंच रूप दिसलं, त्याची आठवण आबांच्या सूनबाईंनी काढली, आणि मग सगळं घर त्या वर्तुळाभोवती गोळा झालं. मधल्या बॉडीवर सर्वात वर लाल, त्याखाली थोडा वेगळा, विटकरीकडे झुकणारा लाल, त्याखाली करडं अस्तर, त्याखाली काळा, आणि मग पत्रा. रेडिएटरच्या उभ्या पट्ट्यांवर वरच्या काळ्या रंगाखाली लाल निघाला. या गाड्यांत पट्ट्यांचा रंग आतल्या कातड्याशी जुळवत, म्हणजे गाडी काळी आणि बैठक लाल, असं जन्माच्या वेळचं चित्र झालं. मुलगी जिंकली.

वरचा लाल कशाचा, हेही बघायचं होतं. सुती कापडाला थिनर लावून एका कोपऱ्यात घासलं. कापड लाल झालं. हा डुको, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. तो नुसता थिनर उडून वाळतो, त्यामुळे चाळीस वर्षांनीही थिनर लावला की परत विरघळतो. हा १९८७ साली मारलेला, आबांना पक्कं आठवत होतं, कारण त्याच वर्षी मुलीचा जन्म. मडगार्डांवर तेच कापड घासलं तर पांढरंच राहिलं. तिथला रंग पीयू, हार्डनर घातलेला, एकदा घट्ट झाला की थिनरला दाद देत नाही. विटकरी लाल भिंगाखाली ब्रशच्या रेघांसारखा दिसत होता, म्हणजे सिंथेटिक इनॅमल. तो कोणी कधी मारला ते ठाऊक नव्हतं.

ते कपाटातून निघालं. आबांच्या पत्नींनी जुन्या कागदांच्या ट्रंकेतून गाडीचं हस्तलिखित नोंदणी पुस्तक आणलं. रंगाच्या रकान्यात शाईनं "ब्लॅक" लिहिलेलं, ते खोडून "रेड", बाजूला सही-शिक्का, १९६३. म्हणजे वडिलांनी गाडी घेतल्यावर दोन वर्षांनी ती लाल केली आणि रीतसर नोंदवलीही. आज किती जण रंग बदलल्यावर आरसीवर नोंद करून घेतात, ते सोडा.

आबांना हे माहीत नव्हतं. १९६३ साली ते तेरा वर्षांचे. त्यांच्या आठवणीत ती आधीपासूनच लाल होती.

आता खरा निर्णय. मुलीच्या मनात अजून एक धास्ती होती. केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी, नंबरात "व्हीए" अक्षरं. नवी नोंदणी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. त्यात गाडी मूळ स्वरूपात असावी अशी अट आहे, म्हणून ती काळीच हवी, असं कोणीतरी तिला सांगितलं होतं. नियम वाचला तर मोठा फेरबदल म्हणून त्यात चॅसी, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. रंगाबद्दल काही नाही. शिवाय आधी नोंदणी झालेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि आबांना तो नंबर पोटच्या पोरासारखा. रॅलीतल्या परीक्षकांचं मत वेगळं असू शकतं, पण परीक्षकांसाठी गाडी रंगवायची की नाही, हा प्रश्न घरातल्यांनी सोडवायचा.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१२ साली इटलीतल्या तूरिनमध्ये एक सनद मान्य केली, तिचा सूर असा की जे टिकलंय ते टिकवा, नवं करणं शेवटी. गाडी काळी होती पंधरा वर्षं आणि लाल होऊन साठ होत आली. ती लाल करणाराही कोणी उपटसुंभ नव्हता, घरचाच माणूस, आणि त्यानं सरकारी पुस्तकात लिहून ठेवलं. काळी करायची म्हणजे बाकीचे सगळे थर पत्र्यापर्यंत खरवडायचे, म्हणजे तो मूळ काळाही जाणारच. खऱ्या काळ्याला काढून नवा काळा मारायचा, हा उद्योग मला पटत नव्हता. शिवाय काळा रंग हातानं ठोकलेल्या पत्र्यावर प्रत्येक लाट दाखवतो, हे कोणी सांगत नाही.

मुलगी लगेच मानली नाही. दोन दिवस ती माझ्याशी तुटक बोलत होती. मग तिनंच विचारलं, "दाजी, मग मूळचा काळा कुठंच दिसणार नाही?" मी म्हटलं, दिसेल, आणि कुठं ते आपण ठरवू.

दर तीन आले होते. मुंबईच्या एका मोठ्या रिस्टोरेशनवाल्याचा: बॉडी चॅसीवरून उतरवून सगळा पत्रा उघडा, नवा सांगाडा, वर पीयूचा बेस आणि त्यावर पारदर्शक क्लिअर. रक्कम ऐकून आबांनी चहा मागवला. पुण्यातल्या एकाचा: वरून घासून दोन कोट, दहा दिवस. हा सर्वात स्वस्त आणि माझ्या मते सर्वात महाग, कारण तीनही दुखणी तशीच राहिली असती. तिसरा उद्यमनगरातला, आबांच्या ओळखीचा पेंटर मिस्त्री, साठीचा, ज्यानं तरुणपणी १९८७चा डुको मारण्यात हातभार लावला होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "रंगाचं काय साहेब, रंग हुईल. आधी सुतार बोलवा."

तिथंच माझा निर्णय झाला.

योजना अशी ठरली. मधल्या बॉडीवरचा १९८७चा डुको मीटरवर दोनशे मायक्रॉनच्या आसपास, चिकटून बसलेला. तो ठेवायचा, फक्त पॉलिश. मडगार्डं आणि बॉनेटचे वरचे दोन पत्रे पूर्ण उघडे करून नव्यानं रंगवायचे. टीसीची मडगार्डं बोल्टनं बसतात आणि मधे गोल पट्टी येते, बॉनेट तर चार तुकड्यांचं. प्रत्येक भाग सुटा असल्यानं जुन्या आणि नव्या रंगाची कड एकाच पत्र्यावर कुठं येत नव्हती. पीयू नको, डुकोच. दोन कारणं. एक, खांब दुरुस्त करताना मधल्या बॉडीवर जिथं डाग पडेल तिथं जुन्या डुकोत नवा डुको विरघळून मिसळतो, पीयूची कड कायम दिसते. दुसरं, पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फुप्फुसाला ते कायमचा दमा लावू शकतात, आणि मिस्त्रीची सुरक्षा म्हणजे नाकाला बांधलेला रुमाल. बाहेरून हवा पुरवणारा मास्क त्या शेडमध्ये येणार नव्हता. डुकोचा थिनरही काही अमृत नाही, पेट तर तो पटकन घेतो. पण मी फिल्टरवाला मास्क विकत आणला आणि दोन दिवसांच्या वादावादीनंतर त्यानं तो घातला.

सुतार शिरोळकडचा, ट्रकच्या बॉड्या करणारा. अॅश आपल्याकडे कुठून मिळणार? त्यानं जुन्या वाड्यातला पाडलेला सागवान सुचवला, पन्नास-साठ वर्षं वाळलेला, आता काही हलणार नाही असा. सागात तेल असतं, त्यामुळे सरस धरत नाही. जोडाच्या जागा आधी थिनरनं पुसून लगेच चिकटवाव्या लागल्या. कुजलेला खांब त्यानं सगळा काढला नाही. खालचा हातभर भाग तिरका कापून नवा तुकडा चढवला, आणि उंबऱ्याच्या लाकडाला पितळी स्क्रू. मी विचारलं, सगळा का नाही बदलत? म्हणाला, "वरचं चांगलं हाय की. चांगलं काढून काय करू?" तूरिनची सनद त्यानं वाचलेली नव्हती.

दार आता लोंबत नव्हतं. भेग हातानं दाबूनही उघडेना.

रंगाचं काम मुद्दाम दिवाळीनंतर धरलं. डुको दमट हवेत मारला तर थिनर उडताना पत्रा थंड होतो, हवेतलं पाणी रंगावर बसतं आणि दुधाळ झाक येते. हे सगळं ठाऊक असूनही नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी आला आणि मिस्त्रीनं उजव्या मडगार्डाचा शेवटचा कोट त्याच संध्याकाळी मारला. सकाळी मडगार्ड गुलाबी. आबांच्या चेहऱ्याचा रंगही तसाच. मिस्त्री शांत होता. दोन दिवस ऊन पडू दिलं, सावकाश उडणाऱ्या थिनरचा वरून एक हलका फवारा मारला, थर परत विरघळून आतलं पाणी निघून गेलं आणि लाल परत लाल झाला. पीयूवर हे करता आलं नसतं, ते घासून परतच मारावं लागतं.

रंगाच्या छटेचं मात्र आम्ही सगळे चुकलो. पुण्याच्या दुकानात मशीननं जुळवून आणलेला लाल ट्यूबलाइटखाली बरोब्बर होता. अंगणात उन्हात आणला तर केशरी. मशीननं बघितला होता तो भाग चाळीस वर्षं ऊन खाल्लेला. मग डॅशबोर्डच्या खाली, जिथं ऊन कधी पोहोचलं नाही, तिथला लाल पॉलिश करून पाहिला. तो जास्त गडद निघाला. आता जुळवायचं कशाला? शेवटी बॉडीचा एक कोपरा रबिंग करून वरचा मेलेला थर काढला आणि त्या ताज्या लालला जुळवलं. मिस्त्रीनं पत्र्याच्या पाच तुकड्यांवर पाच शेड मारल्या, थोडा मरून रंग कमी-जास्त करून, आणि ते तुकडे गाडीवर ठेवून आम्ही सकाळी आठला, दुपारी बाराला आणि दिवेलागणीला बघितले. चौथा ठरला. आबांच्या पत्नींनी ठरवला, खरं तर. बाकीचे आम्ही सगळे तिसऱ्यावर होतो.

फोडांखालचा पत्रा गेलाच होता. दोन्ही मडगार्डांच्या कडेला हाताएवढे तुकडे कापून नवे बसवले, जोड घासून सपाट केले, लांबी जेमतेम कागदाएवढी. इथं विशेष सांगण्यासारखं काही नाही, कोल्हापुरात पत्र्याचं काम चांगलं होतं.

काळ्याचं म्हणाल तर इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्या मधल्या पत्र्यावरचा मूळ काळा आणि टूलबॉक्सच्या आतला काळा तसाच ठेवला, फक्त साबणाच्या पाण्यानं धुतला. बॉनेट उघडलं की दिसतो. मी घासलेलं रुपयाएवढं वर्तुळही मुलीनं भरू दिलं नाही. डाव्या दाराच्या आत, कातड्याच्या पट्टीखाली ते आहे: लाल, विटकरी, करडा, काळा, पत्रा.

रेडिएटरच्या पट्ट्या परत लाल केल्या. तेवढा मूळचा हट्ट तिला दिला.

यानंतर दोन पावसाळे गेले. बॉनेटवर जाळी नाही, मडगार्डांना फोड नाहीत. जुना डुको आणि नवा डुको शेजारी ठेवून पाहणाऱ्याला फरक सापडतो, नवा जरा जास्त चमकतो. मिस्त्री म्हणतो पाच वर्षांत दोन्ही सारखे होतील. डाव्या खांबावर पहिल्या पावसाळ्यानंतर बोटभर केसाएवढी रेघ आली. नव्या सागाला आणि जुन्या अॅशला एकमेकांची सवय व्हायची आहे, असं सुताराचं मत. आबांनी तिच्यात काही भरलं नाही. रेघेच्या टोकाला पेन्सिलीनं आडवी खूण करून तारीख लिहिली. गेल्या दसऱ्याला गाडीला हार घालताना मी वाकून बघितलं, तर रेघ अजून त्या खुणेच्या आतच होती.